भाषेचे मूल, मुलाची भाषा

आज १ मार्च. वेल्सचे संरक्षक संत डेव्हिड यांचा दिवस. कार्डिफपासून अँगलसीपर्यंतच्या शाळांत आज मुले छातीवर डॅफोडिलचे फूल किंवा लीकची पात लावून येतात, लहान मुली जुन्या पद्धतीची उंच काळी टोपी आणि शाल घालतात, आणि शाळाशाळांत ‘आइस्टेडवोड’ भरते. आइस्टेडवोड म्हणजे गायन, पाठांतर आणि काव्यलेखन यांच्या स्पर्धांचा वेल्श उत्सव. दोनच दिवसांपूर्वी आपणही मराठी भाषा गौरव दिन साजरा केला. आपल्या शाळांतले फलक सजले, ग्रंथदिंड्या निघाल्या, कुसुमाग्रजांच्या कविता म्हटल्या गेल्या. दोन्हीकडचा उत्साह खरा आहे आणि हवासाही आहे. पण भाषेचे भवितव्य सणाच्या दिवशी ठरत नाही. ते ठरते दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, शिक्षक जवळ नसताना दोन मुले खेळाचे नियम ठरवू लागतात तेव्हा. ती कोणत्या भाषेत भांडतात आणि कोणत्या भाषेत समेट करतात, एवढे पाहिले तरी त्या भाषेच्या पुढच्या पन्नास वर्षांविषयी पुष्कळ कळते.

या दिवसाच्या निमित्ताने आम्हांला लिहायचे आहे ते वेल्समधील एका पदवीविषयी. उत्तर वेल्समधल्या बँगर विद्यापीठात बाल्य आणि युवावस्था यांचा अभ्यास वेल्श भाषा-साहित्याच्या जोडीने करता येतो. एका तासाला बालहक्क, मुलांचा खेळ, कुटुंब आणि समाज. दुसऱ्या तासाला वेल्श कविता, कादंबरी आणि लेखन. प्रथम ऐकणाऱ्याला ही जोडी विजोड वाटते. भाषेच्या प्रेमात पडलेल्याने साहित्याकडे जावे, मुलांत रमणाऱ्याने शिक्षणशास्त्राकडे किंवा समाजकार्याकडे, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. आमचे म्हणणे असे की, ही जोडी विजोड तर नाहीच, पण ज्या भाषेला पुढच्या पिढीची काळजी वाटते तिला या जोडीवाचून गत्यंतर नाही. मुलाला वगळून भाषेचा विचार केला आणि भाषेला वगळून मुलाचा विचार केला की काय होते, याचा वेल्सने गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुरता अनुभव घेतला आहे.

त्या अनुभवाची सुरुवात १८४७ सालच्या एका सरकारी अहवालापासून सांगता येईल. वेल्समधील शिक्षणाची पाहणी करायला लंडनहून तीन आयुक्त पाठवले गेले. तिघेही इंग्रज होते आणि एकालाही वेल्श येत नव्हते. ज्या मुलांना घरी आणि गल्लीत केवळ वेल्शच कानावर पडत होती, त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या गप्प बसण्याची नोंद अज्ञान म्हणून झाली. वेल्श भाषा ही प्रगतीतला अडथळा आहे, आणि लोकांच्या नीतिमत्तेलाही बाधक आहे, असा निष्कर्ष निळ्या वेष्टणातल्या त्या जाडजूड खंडांत छापला गेला. वेल्सच्या इतिहासात तो अहवाल आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणूनच ओळखला जातो. मुलाचे मौन कोणत्या भाषेतल्या प्रश्नापुढचे आहे, हे न विचारता काढलेला तो निष्कर्ष होता.

त्याच शतकात अनेक शाळांत ‘वेल्श नॉट’ची रीत होती. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवायचा. त्या मुलाने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना तो ज्याच्याकडे असेल त्याला छडी. ही रीत कोणत्याही कायद्याने घालून दिली नव्हती. ती शाळेशाळेने चालवली, आणि पोराने इंग्रजी शिकून पोटापाण्याला लागावे अशी इच्छा असणाऱ्या आईबापांनीही अनेक ठिकाणी ती मान्य केली. तिच्यातला खरा दुष्टपणा छडीत नव्हता. मुलांना मुलांवर पाळत ठेवायला लावणे, मित्राच्या तोंडून घरची बोली निसटण्याची वाट पाहायला लावणे, यात तो होता. बालपणाविषयी ज्याने थोडाही विचार केला आहे त्याला हे वाचून कळते की, इथे भाषेइतकीच मैत्रीही मारली जात होती.

या गळफासातून गेलेल्या मुलांपैकी एक होता ओवेन एम. एडवर्ड्‌स. १८५८ साली बाला गावाजवळच्या सरोवराकाठच्या एका खेड्यात जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे ऑक्सफर्डमध्ये इतिहासाचा अध्यापक झाला. शाळेत गळ्यात पडलेल्या त्या तुकड्याविषयी त्याने मोठेपणी लिहिले. पण लिहून तो थांबला नाही. १८९२ साली त्याने वेल्श भाषेत मुलांसाठी एक मासिक काढले. १९०७ साली वेल्समधील शाळांचा मुख्य निरीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि ज्या शाळांनी त्याला गप्प केले होते त्यांच्यात वेल्शला मानाने बसवण्यासाठी त्याने ते पद वापरले. भाषेला वाचवायचे तर तिला मुलांच्या हातात सुंदर छापलेली, गोष्टींनी भरलेली वस्तू म्हणून द्यावी लागते, हे त्याला उमगले होते.

त्याचा मुलगा इफान अब ओवेन एडवर्ड्‌स याने वडिलांचे मासिक पुढे चालवले आणि १९२२ साली त्याच मासिकातून वेल्श मुलांना एका नव्या संघटनेत येण्याची हाक दिली. तीच पुढे वेल्सची सर्वांत मोठी युवक संघटना झाली. तिला तिथे नुसते ‘इर्द’ म्हणतात. १९२९ पासून तिची मुलांची आइस्टेडवोड भरते आहे. १९३२ साली समुद्राकाठच्या लांगरानोग इथे तिचे कायमचे शिबिर उभे राहिले. इफानची दृष्टी वडिलांपेक्षा एक पाऊल पुढची होती. पोहणे, खेळ, गाणी, तंबूतल्या रात्रीच्या गप्पा, भांडीकुंडी घासण्याच्या पाळ्या या सगळ्यांत वेल्श आली पाहिजे, ती धड्यापुरती राहिली तर मरेल, हे त्याने ओळखले.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि लिव्हरपूलची मुले बॉम्बच्या भीतीने वेल्समध्ये पाठवली गेली. अॅबरिस्टविथच्या शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची एकाएकी गर्दी झाली. तेव्हा इफानने सात मुलांना घेऊन स्वतंत्र वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. शिक्षिका होत्या नोरा आयझॅक. त्या सातांत इफानचा स्वतःचा मुलगा ओवेनही होता. आठ वर्षांनी, १९४७ सालच्या १ मार्चला, म्हणजे आजच्याच दिवशी, लानेथ्ली इथे सरकारी खर्चाने चालणारी पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. तिला नावही संत डेव्हिडचेच मिळाले. आणि अॅबरिस्टविथच्या त्या सात मुलांतला ओवेन एडवर्ड्‌स पुढे वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीचा पहिला प्रमुख झाला. ती वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने मुलांसाठी कार्टून दाखवले. आजोबांच्या गळ्यात लाकडाचा तुकडा, मुलाने उभारलेली शिबिरे आणि शाळा, नातवाच्या हाती वाहिनी. एका घराच्या तीन पिढ्यांत वेल्सने शिकलेला धडा सामावला आहे: भाषेची लढाई मुलांच्या जगात शिरूनच लढावी लागते.

विद्यापीठांना मात्र हा धडा उशिरा समजला. १९२३ साली डी. जे. सायर या अॅबरिस्टविथच्या अभ्यासकाने कार्डिगनशायरमधील सुमारे १४०० मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. खेड्यातली द्वैभाषिक मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे पडतात, असे त्यात म्हटले होते. सायर भाषेचा शत्रू नव्हता. पण त्याचा निष्कर्ष पुढे कित्येक दशके उद्धृत होत राहिला, आणि दोन भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो ही समजूत आईबापांच्या, डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या मनात खोल रुजली. वेल्समधल्याच डब्ल्यू. आर. जोन्स यांनी नंतर दाखवून दिले की, आईवडिलांचा व्यवसाय आणि घरची परिस्थिती लक्षात घेतली तर हा फरक भाषेच्या माथी मारता येत नाही. १९६२ साली माँट्रियलमध्ये झालेल्या संशोधनाने तर उलटेच चित्र पुढे आणले: सामाजिक परिस्थिती सारखी असेल तर द्वैभाषिक मुले अनेक कसोट्यांवर सरस ठरतात.

दरम्यान किती घरांतल्या आयांनी मुलाच्या भल्यासाठी म्हणून आपली भाषा गिळली असेल, याचा हिशेब कोणत्याही जनगणनेत नाही. मुलाचे मोजमाप करणाऱ्याला त्याच्या भाषेची, त्याच्या गरिबीची आणि त्याच्या गावाची जाण नसेल तर आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा निघतो. बाल्याचा अभ्यास आणि भाषेचा अभ्यास एकाच विद्यार्थ्याने करावा, यासाठी याहून मोठे कारण आम्हांला सुचत नाही.

आजचे आकडेही हीच निकड सांगतात. १९०१ साली वेल्सची सुमारे निम्मी लोकसंख्या वेल्श बोलत होती. १९९१ पर्यंत हे प्रमाण १८.७ टक्क्यांवर उतरले. २००१ साली ते २०.८ पर्यंत वर आले तेव्हा मोठा आनंद झाला, आणि त्या वाढीचे श्रेय शाळांना होते. २०२१ च्या जनगणनेत ते १७.८ टक्क्यांवर, सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांवर आले. सर्वांत जास्त घसरण झाली ती मुलांत: ५ ते १५ वयोगटात वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण दहा वर्षांत ४०.३ वरून ३४.३ टक्क्यांवर आले. जनगणना करोनाच्या काळात झाली, शाळा दीर्घकाळ बंद होत्या, मुलांची माहिती आईबापांनी भरली, हे सगळे लक्षात घ्यायला हवे. पण त्यातूनच एक गोष्ट उघडी पडते. शाळा बंद होताच जी भाषा आईबापांना मुलाच्या तोंडी दिसेनाशी होते, ती शाळेच्या आधारावर उभी आहे, घराच्या आणि अंगणाच्या नव्हे.

वेल्सच्या सरकारने २०१७ साली २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचे ध्येय जाहीर केले. २०२५ साली तिथल्या संसदेने कायदा करून शाळा सोडताना प्रत्येक मुलाला वेल्श स्वतंत्रपणे वापरता यावी या दिशेने पाऊल टाकले. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण दहा लाख हा आकडा शाळेच्या पटावरून गाठता येईल. भाषा जगली की नाही ते पटावरून कळणार नाही. वेल्श माध्यमाच्या शाळेतली मुले वर्गात वेल्श आणि मैदानावर इंग्रजी बोलतात, ही तिथल्या शिक्षकांची जुनी खंत आहे. मुलांना आपसांत वेल्श बोलावीशी वाटावी म्हणून ग्विनेथ भागात एक उपक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. इंग्लंडहून राहायला आलेल्या मुलांसाठी त्याच भागात खास केंद्रे आहेत. तिथे काही आठवडे ही मुले दिवसभर वेल्शमध्येच खेळतात, गातात, शिकतात आणि मग गावच्या शाळेत मिसळून जातात. कायदा दार उघडून देतो. आत मुलाचा हात धरून नेणारे माणूस लागते, आणि ते माणूस घडवण्याचे काम विद्यापीठाचे आहे.

बाल्याचा अभ्यास या माणसाला काय देतो? पहिली गोष्ट म्हणजे नम्रता. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली बाल्याचा इतिहास मांडला तेव्हापासून अभ्यासक म्हणू लागले की, ‘मूल’ म्हणजे काय याची कल्पना प्रत्येक समाज आणि प्रत्येक काळ स्वतः घडवतो. त्यातून पुढे मुलाकडे अपुरा प्रौढ म्हणून न पाहता, आज, आत्ता पूर्ण आयुष्य जगणारी व्यक्ती म्हणून पाहण्याची दृष्टी आली. दुसरी गोष्ट हक्कांची. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील १२ वे कलम मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याविषयी आहे, ३० वे अल्पसंख्य समाजातील मुलाच्या स्वतःच्या भाषेविषयी आणि ३१ वे खेळाविषयी. ही तीन कलमे एकत्र वाचली की आमचा सगळा मुद्दा त्यांत येतो.

वेल्सने ही कलमे मनावर घेतली आहेत. उत्तर वेल्समधील बालगृहांत मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीचा अहवाल २००० साली बाहेर आला आणि मुलांचे कोणीच ऐकले नाही हे भयंकर सत्य देशासमोर आले. त्यानंतर २००१ साली ब्रिटनमधील पहिला बाल आयुक्त वेल्समध्ये नेमला गेला. मुलांना खेळायला पुरेशी संधी आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी २०१० च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांवर आली. २०११ साली बालहक्क करार मंत्र्यांच्या निर्णयप्रक्रियेला कायद्याने जोडला गेला. २०२१ च्या निवडणुकीत १६ वर्षांच्या मुलामुलींनी तिथल्या संसदेसाठी मतदान केले. मार्च २०२२ पासून मुलांना मारण्याची आईबापांना असलेली कायदेशीर सबबही संपली.

आता या हक्कांना भाषा जोडून पाहा. रात्री घरात काय घडले हे सांगायला धडपडणारे पाच वर्षांचे मूल, आईबापांच्या घटस्फोटात न्यायालयासमोर बोलावे लागणारी मुलगी, उशिरा बोलू लागलेला मुलगा, पहिल्यांदा निराशेने घेरलेला पंधरा वर्षांचा पोरगा. यांचे ऐकून घ्यायचे म्हणजे ज्या भाषेत त्यांना रडू येते त्या भाषेत ऐकून घ्यायचे. दुसऱ्या भाषेत ते बोलतील, पण मोजके, जपून, परीक्षेला बसल्यासारखे. वेल्सच्या आरोग्य आणि समाजसेवेत २०१२ पासून एक तत्त्व आहे: माणसाने मागण्याची वाट न पाहता त्याला त्याच्या भाषेतली सेवा आपण होऊन देऊ करायची. लहान मुले आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांचा त्यात खास विचार आहे, कारण या दोघांना अनेकदा दुसऱ्या भाषेचा पर्यायच नसतो. हे तत्त्व कागदावरून खाटेपाशी आणि पाळण्यापाशी पोचायचे तर परिचारिका, वाचाउपचारतज्ज्ञ, समाजसेवक आणि पाळणाघरातली ताई यांना ती भाषा व्यवसायात वापरण्याइतकी यावी लागते. नुसती घरगुती येऊन भागत नाही. अहवाल लिहिता यावा, शंका घेता यावी, मुलाच्या अडखळण्यातले भाषेचे अडखळणे कोणते आणि भीतीचे कोणते हे ओळखता यावे.

साहित्याचा अभ्यास इथे शोभेचा राहत नाही. बँगरच्या परिसरातच याचा पुरावा आहे. १८८४ साली हे विद्यापीठ उभे राहिले तेव्हा स्लेटच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून त्यासाठी पैसे दिले होते. त्याआधीच, १८५८ साली, शहरात शिक्षक घडवणारे नॉर्मल कॉलेज सुरू झाले होते. ते १९९६ मध्ये विद्यापीठात विलीन झाले. त्या कॉलेजात शिकवणाऱ्या मेरी वॉन जोन्स यांनी नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी १९६९ मध्ये ‘साली माली’ नावाची गोलमटोल बाई निर्माण केली, आणि ती आजही वेल्श मुलांची लाडकी आहे. शेजारच्या बेथेस्डा गावात राहणाऱ्या जेनी थॉमस आणि जे. ओ. विल्यम्स यांनी १९३१ साली मुलांसाठी मोठे चित्रमय पुस्तक लिहिले. त्यातले बदकाचे खोडकर पिल्लू आणि लबाड कोल्हा यांना घरोघरी ओळखतात. त्याच बेथेस्डात वाढलेल्या कॅराडॉग प्रिचर्ड यांनी १९६१ साली एका मुलाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली. गरिबी, आईचे वेडेपण आणि मुलाचे एकाकीपण तिच्यात असे आले आहे की बालमानसशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाने तिच्यापुढे हात टेकावेत. बँगरलाच शिकलेल्या केट रॉबर्ट्‌स यांच्या १९५९ सालच्या कथांतही खाणकामगारांच्या वस्तीतली लहान मुलगी मृत्यू आणि मैत्री पहिल्यांदा पाहते. ही पुस्तके मूळ भाषेत वाचलेली ताई पाळणाघरात उभी राहते तेव्हा तिच्या कानाला मुलाच्या बोलण्यातले अधिक ऐकू येते.

बँगरने शिक्षणपद्धतीलाही एक मोठी देणगी दिली आहे. तिथल्या केन विल्यम्स यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक साधी युक्ती मांडली. धडा इंग्रजीत वाचायचा आणि चर्चा वेल्शमध्ये करायची, किंवा ऐकायचे वेल्शमध्ये आणि लिहायचे इंग्रजीत. घोकंपट्टीवर हे निभत नाही. समजल्याशिवाय दुसऱ्या भाषेत मांडताच येत नाही. मुलाच्या डोक्यातल्या दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी नसून मदतनीस आहेत, या विश्वासावर उभी असलेली ही पद्धत आज जगभरच्या बहुभाषिक वर्गांत अभ्यासली जाते. वेल्श नॉटच्या देशाने जगाला हे द्यावे, यात फार मोठा न्याय आहे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून चालणार नाही. एका राष्ट्राची भाषा वाचवण्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर का? मोठ्यांना जे जमले नाही ते मुलांकडून का करून घ्यायचे? मूल हे भाषेचे साधन आहे काय? आम्हांला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण भाषाप्रेमाच्या भरात मुलांवर जुलूम होऊ शकतो. मैदानावर इंग्रजी बोलल्याबद्दल मुलाला दरडावणारा शिक्षक उद्या वेल्श नॉट उलटा करून त्याच्या गळ्यात अडकवील. नुसता भाषेचा अभ्यास केलेल्याला हा धोका दिसेलच असे नाही. बाल्याचा अभ्यास केलेल्याला तो दिसतो, कारण त्याचा पहिला प्रश्नच असतो: यात मुलाचे हित कोणते, आणि मुलाला स्वतःला काय वाटते? उलट, भाषेची जाण नसलेला बालहितचिंतक ‘मुलाला जे सोपे पडेल ते बोलू द्या’ म्हणत राहतो. आणि सोपी नेहमी तीच भाषा असते जिच्यामागे बाजार, मोबाइल आणि सत्ता उभी आहे. भाषेचा अभ्यासक त्याला दाखवून देतो की, मुलापुढे ठेवलेली ती निवड बरोबरीची नव्हती. दोघांनी एकमेकांना सावरायला हवे, आणि तेच एका पदवीत, एका माणसात घडले तर त्याहून चांगले काय?

पोटापाण्याचा प्रश्न उरतो. वेल्समध्ये त्याचे उत्तर सोपे आहे: वेल्श माध्यमाच्या शाळांना शिक्षक कमी पडतात, बालवाड्यांना ताई कमी पडतात, युवककेंद्रांना कार्यकर्ते कमी पडतात. २०११ साली स्थापन झालेले वेल्श राष्ट्रीय महाविद्यालय स्वतःची इमारत बांधून बसले नाही. देशातल्या सगळ्या विद्यापीठांत वेल्शमधून शिकवणारे प्राध्यापक आणि शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्या देण्याचे काम ते करते. १९७१ पासून चालत आलेल्या बालवाडी चळवळीने तर बाळाला घेऊन येणाऱ्या आईबापांपासूनच सुरुवात केली आहे. मूल गाणे शिकते आणि वेल्श न येणारी आईही त्याच्याबरोबर शिकते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. वेल्शशी तिची बरोबरी करणे दोन्ही भाषांवर अन्याय होईल. पण मुलाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्याशी घरात इंग्रजी बोलू लागलेले मराठी आईबाप आपण रोज पाहतो, आणि त्यांच्या मनातली भीती शंभर वर्षांपूर्वीच्या वेल्श आईबापांच्या भीतीपेक्षा वेगळी नाही. त्यांना दटावून उपयोग नाही. दोन भाषा मुलाला झेपतात, पहिली पक्की असेल तर दुसरी अधिक चांगली येते, हे त्यांना अभ्यासाच्या अधिकाराने आणि आपुलकीने सांगणारी माणसे हवीत.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. डहाणूच्या डोंगरातले वारली मूल, मेळघाटातले कोरकू मूल, गडचिरोलीतले गोंड मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापुढे मराठी तशीच उभी राहते, जशी वेल्श मुलापुढे इंग्रजी उभी राहिली होती. याचे भान आपल्याकडे फार पूर्वी दोन स्त्रियांना आले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. मुले गुरे चारायला जातात म्हणून कुरणावर नेली. परिसरातल्या वस्तू, परिसरातली गाणी, मुलांची बोली यांच्यावर त्यांचे शिक्षण उभे होते. बाल्य आणि भाषा हे दोन विषय त्यांनी कधी वेगळे मानलेच नाहीत.

आपल्या विद्यापीठांनी मात्र ते वेगळे केले. मराठी विभागात मूल नाही, बालविकासाच्या विभागात मराठी साहित्य नाही, शिक्षणशास्त्रात बोलींचा अभ्यास नावापुरता. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, चक्रधरस्वामींच्या परंपरेने पावन झालेल्या रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. हीच वेळ आहे. मराठी आणि बाल्य यांची जोडपदवी या नव्या विद्यापीठाने सुरू करावी. तिच्यात लीळाचरित्राबरोबर अंगणवाडीतला वर्ग असावा, बालसाहित्याबरोबर बालहक्कांचा कायदा असावा, प्रमाण मराठीबरोबर वारली, कोरकू आणि गोंडी मुलांच्या घरी जाऊन केलेला अभ्यास असावा. तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना अंगणवाडी पर्यवेक्षक, समुपदेशक, बालसाहित्याचे संपादक, वाचाउपचारतज्ज्ञांचे सहकारी म्हणून शासनाने पदे द्यावीत. गौरवाचा दिवस वर्षातून एकदा येतो. या पदवीधराचे काम वर्षभर, रोज, एकेका मुलापाशी चालेल.

वेल्सला आजच्या दिवशी आमच्या मनापासून शुभेच्छा. त्या छोट्या देशाने आपल्या मुलांच्या गळ्यातला लाकडी तुकडा काढण्यासाठी मोठी किंमत मोजली आणि तरीही २०२१ चे आकडे त्याला सांगत आहेत की काम संपलेले नाही. आपल्याजवळ कोट्यवधी माणसे आहेत, ताराबाई-अनुताईंचा वारसा आहे, नवे विद्यापीठ आहे. मराठीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने आता स्वतःला एवढेच विचारावे: आपण भाषेसाठी जे करतो आहोत त्यात मूल कुठे आहे? ज्या कार्यक्रमात, ज्या अनुदानात, ज्या अभ्यासक्रमात त्याला जागा नसेल, तो बदलण्याची सुरुवात याच शैक्षणिक वर्षात झाली पाहिजे.